दीड सेंटिमीटर माया

बाजारात तोंडावर सगळे तिला ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘मोजपट्टी’. तिला ते ठाऊक होतं, आणि त्यात राग येण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नसे. दुकानांतली वजनं, तराजू, कापड मोजायच्या पट्ट्या खऱ्या की खोट्या हे तपासण्याची तिची नोकरी. पिशवीत पोलादी पट्टी आणि भिंग घेऊन ती गल्लीच्या टोकाला दिसली, की भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे सावरून बसत. एकदा एक कापडवाला मोठ्या आर्जवाने म्हणाला, "मॅडम, आमची पट्टी उलट बोटभर लांबच आहे. गिऱ्हाइकाचा फायदाच!" तिने ती पट्टीसुद्धा जप्त केली. "कमी देणं ही लबाडी," पावती फाडत ती शांतपणे म्हणाली, "आणि जास्त देणं हा गलथानपणा. मीटर म्हणजे मीटर."

घरात मात्र तिला तोंडावर मोजपट्टी म्हणणारं एक माणूस होतं. तिची आत्या.

आत्या एका गायनवृंदाची प्रमुख. वाचनालयाच्या वरच्या दालनात त्यांची तालीम चाले. शिक्षिका, टपालवाला, दोन परिचारिका, पाववाला असे नाना घशांचे लोक तिथे जमत आणि आत्या त्या सगळ्यांकडून एक गाणं काढून घेई. चौरंगावर उभं राहून उजव्या हाताने ताल द्यायचा, डाव्याने कुणाला चढवायचं, कुणाला दाबायचं. हिवाळ्यात त्याच दालनाच्या जिन्यावरून तिचा पाय घसरला. बाकी सगळं शाबूत राहिलं, डावा हात तेवढा मोडला. शस्त्रक्रियेनंतर हाड जुळलं, पण खांदा वर जाईना आणि कोपर जे काटकोनात अडकलं ते तिथेच. "पिशवी अडकवायची कायमची सोय झाली," असं आत्या भेटायला येणाऱ्यांना सांगे आणि ते हसले की स्वतःही हसे.

सकाळी कपडे घालताना मात्र हे हसू ओसरत असे. तिला आवडत ते लांब बाह्यांचे, डोक्यावरून घालायचे सदरे. वाकडं कोपर बाहीच्या मध्यावर जाऊन अडायचं. मग भाची एका बाजूने कापड ओढणार, दुसऱ्या बाजूने हात ढकलणार.

"हात सैल सोड, आत्या."

"सैलच आहे. एवढी माणसं माझं ऐकतात, हा एक हात ऐकत नाही."

"अर्ध्या बाह्यांचा घालतेस का?"

"आणि खांद्यापासून कोपरापर्यंत हे टाके मिरवू? नको. चढव तू. मी काय, उशीच आहे. रोज सकाळी अभ्रा बदलायचा."

ती हे विनोदाने म्हणे. पण सदरा चढेपर्यंत ती भिंतीकडे बघत राही, भाचीकडे नाही. आणि तालमीला ती त्या पडण्यानंतर एकदाही गेली नव्हती.

एका रविवारी खर्जकाका आले. वृंदातला सगळ्यांत जाडा आवाज त्यांचा, म्हणून हे नाव. माणूस भला, पण चालणं, बोलणं, गाणं सगळं सावकाश. आत्या नसल्यामुळे ताल देण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी पिशवीतून गडद निळ्या कापडाची घडी काढली.

"सगळ्यांचे नवे सदरे शिवून झाले. हा तुमचा तुकडा. ताग्यातला शेवटचा. हा रंग आता यायचा बंद झालाय."

आत्याने कापडावरून हात फिरवला. "छान आहे. कुणाला तरी द्या."

"असं काय करता? पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. मी ताल दिला तर गाणं संपायच्या आत लोक घरी जाऊन जेवून परत येतील."

"काका, मी एकदाच सांगते. ज्या दिवशी माझे कपडे माझे मी घालीन, त्या दिवशी मी तालमीला येईन. दुसऱ्याने सजवलेली बाहुली त्या चौरंगावर उभी राहणार नाही."

 खर्जकाका खाली बघत म्हणाले, "मंडळी विचारत होती... दुसरं कुणी बघायचं का."

 "बघा की," आत्या अगदी सहज म्हणाली.

काका गेल्यावर भाचीने घडी उचलली. "शिंप्याकडे जाऊ या."

"गेले होते मी. तू कामावर असताना. तो म्हणाला, हात वर करा. म्हटलं, तो वर झाला असता तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

"मग मी शिवते."

आत्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू? तुला साधं बटण लावता येत नाही!"

"बटण लावणं म्हणजे गाठी मारणं. शिवण म्हणजे मोजमाप. डावी बाही पुरेशी रुंद केली की कोपर जाईल. भूमितीचा प्रश्न आहे."

"अगं मोजपट्टे, पण घरात यंत्र नाही!"

"घेऊ."

यंत्रांच्या दुकानातल्या बाई खणखणीत होत्या. आवाज असा, की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईकही वळून बघावं. त्यांनी आधी काचेतलं, दिव्यांची पाटी असलेलं यंत्र दाखवलं. "ही बघा! फुलं काढते, पानं काढते, बदकसुद्धा काढते!"

"आम्हाला बदक घालायचं नाही," मोजपट्टी म्हणाली. "सरळ टीप मारून दाखवा. आधी एका पदरावर, मग जाड कापडाच्या चार पदरांवर."

बाईंनी मारून दाखवली. मोजपट्टीने पिशवीतून भिंग काढलं, टिपेवर पट्टी ठेवली आणि टाके मोजू लागली. चार पदरांवर टाके आखूड पडत होते. तिने नकारार्थी मान हलवली. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इकडे आत्या स्टुलावर डोळे मिटून बसली होती.

"आजींना बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय. ऐकतेय," आत्या म्हणाली. "ह्या तुमच्या बदकवालीला सर्दी झाली आहे."

दुसरं यंत्र आलं. पांढरं, निमुळतं, दिसायला देखणं. मोजपट्टीला त्याचे टाके पसंत पडले. आत्याने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "ही श्वासच घेत नाही. नुसती पळत सुटते. हिच्याबरोबर आपण दमून जाऊ."

"आत्या, यंत्र निवडतोय. गायिका नाही."

"घरात रोज ऐकायचं कुणाला आहे?"

तिसरं, चौथं असं करता करता दुकानातली टेबलं भरली. शेवटी बाईंनी वैतागून खालच्या कप्प्यातून एक पिस्ता रंगाचं यंत्र वर ठेवलं. जड, चौकोनी, वर एक दणकट मूठ. सरळ टीप, नागमोडी टीप आणि काज, एवढंच त्याला येत होतं. वेगाच्या खुंटीच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. "हे कुणी घेत नाही हो. दिसायला साधं आहे."

बाईंनी पायाखालचं पेडल दाबलं. आत्याचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला आणि हलके हलके ताल देऊ लागला. मोजपट्टी भिंगातून बघत होती. एका पदरावर आणि चार पदरांवर टाके सारखे.

"हेच," दोघी एकदम म्हणाल्या.

बाई खूश झाल्या. यंत्र खोक्यात घालताना त्यांनी शिकणाऱ्यांसाठी असलेली एक पुस्तिका वरून टाकली आणि निरोप देताना म्हणाल्या, "आणि बरं का, कापताना माया ठेवायला विसरू नका. बाकी सगळं मशीन सांभाळून घेतं."

रस्त्यावर आल्यावर मोजपट्टी म्हणाली, "यंत्र विकायचं तर यंत्र विकावं. माया ठेवा म्हणे! लोकांना प्रत्येक गोष्टीत भावना कशा घुसवता येतात?"

"बरं बोलली की बिचारी," आत्या म्हणाली. "तू जरा ठेवत जा."

यंत्र खिडकीपाशी, जेवणाच्या टेबलावर बसलं. जेवण दोघींनी ओट्यापाशी हलवलं. मोजपट्टीने यंत्राची माहिती देणारे सगळे कागद दोनदा वाचले. पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण ‘मापे व बेतणे’ हे होतं. ते तिने किंचित हसून उलटलं आणि थेट ‘सुईत दोरा ओवणे’ काढलं. मोजण्याबद्दल पुस्तिकेकडून शिकायची तिच्यावर वेळ आली नव्हती.

आधी सुई उलटी बसली. मग सुलटी बसली तर दोरा तुटला. मग दोरा टिकला, पण कापड दाबून धरणारा पाय खाली करायचा राहिला, आणि कापडाखाली दोऱ्यांचा असा गुंता झाला की कात्रीने खरवडून काढावा लागला.

"घरटं झालंय," आत्या वाकून म्हणाली. "अंडी कधी घालणार?"

पुस्तिकेत सुचवलं होतं म्हणून मोजपट्टी दोरा न घालता रेघांच्या कागदावर शिवायला लागली. रेघेवरून सुई न्यायची, भोकांची ओळ सरळ यायला हवी. कासवाकडे खुंटी लावूनही यंत्र एकदा अडायचं, एकदा उसळायचं. चूक यंत्राची नव्हती, पायाची होती. भोकांची ओळ दारू प्यालेल्या मुंगीसारखी रेघेच्या दोन्ही बाजूंनी हिंडून येत होती.

आत्या पलीकडे पेपर वाचत होती. अखेर तिने पेपर आपटला. "ऐकवत नाही मला! काय ते, धाड, थांब, धाड, थांब! इकडे बघ. मी देते ताल, तू पाय दाब."

"मी सुईकडे बघू की तुझ्याकडे?"

"सुईकडे डोळ्यांनी बघ. माझ्याकडे कानांनी."

आणि आत्याने उजव्या हाताच्या बोटांनी टेबलाच्या कडेवर ताल धरला. संथ, एकसारखा. सुरुवातीला पाय मागे राहायचा, मग पुढे धावायचा. "थांबू नकोस. चुकलीस तरी पुढे चल. वळणाच्या आधी हळू, वळणावर नाही." हळूहळू यंत्र त्या बोटांमागून चालू लागलं. कागदावरची भोकं रेघेवर आली. कितीतरी दिवसांत आत्याचा आवाज असा वरच्या पट्टीत लागला नव्हता. भाचीने ते ऐकलं आणि दुसरा कागद सुईखाली सरकवला.

कागदांनंतर जुना पिवळा पडदा आला. सरळ टिपा, वळणाच्या टिपा, उलट टिपा. आठवडाभरात त्या पडद्यावर लाल दोऱ्याच्या इतक्या ओळी उमटल्या, की आत्या म्हणाली, "गावाचा नकाशा झालाय. स्टेशन कुठे आहे?"

मग मापं घ्यायचा दिवस आला. आत्या अंगातला जाड लोकरी स्वेटर काढायला तयार होईना. मोजपट्टीने स्वेटरवरूनच मापं घेतली. प्रत्येक माप तीनदा, आणि तिन्हींची सरासरी. कोपराला तिने चक्क कोनमापक लावला.

"किती आला माझा कोन?"

"अठ्ठ्याऐंशी अंश."

"म्हणजे काटकोनालाही मी जुमानत नाही."

जमिनीवर निळं कापड पसरलं. अणकुचीदार खडूने मोजपट्टीने पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या अशा आकृत्या काढल्या. वृंदाने सगळ्यांसाठी नेमका बेताचाच कपडा घेतला होता. डावी बाही रुंद धरल्यावर हातभरही उरत नव्हता. कात्री हातात घेऊन ती गुडघ्यांवर बसली.

"मायेने काप गं," खुर्चीवरून आत्या म्हणाली. "ती बाई सांगत होती ना."

"मी रेघेवर कापते," भाची म्हणाली. आणि खरंच तिने खडूच्या रेघेच्या बरोबर मधून, केसाचाही फरक न पडू देता कापलं. इतकं स्वच्छ कापलेलं कापड त्या दुकानातल्या बाईंनीही पाहिलं नसेल.

खांदे जोडले. बाह्या जोडल्या. गळ्याला पट्टी लागली. आता एकच शिवण राहिली होती, दोन्ही बाजूंना एकेक: कमरेपासून काखेपर्यंत आणि काखेतून वळून बाहीच्या टोकापर्यंत. त्याआधी खात्री करावी म्हणून मोजपट्टीने सदरा टेबलावर सपाट पसरला, पट्टी लावली आणि मोजलं. तिने पुन्हा मोजलं. मग बाह्या मोजल्या.

"काय झालं?"

"आत्या, सदरा लहान झालाय."

"आटला?"

"भिजवलाच नाही, तर आटेल कसा? खांदा कमी, बाही कमी. आणि हे बघ, आत्ता कुठे निम्म्या शिवणी झाल्यात. बाजू शिवल्या तर अजून कमी होईल." तिने यंत्राकडे संशयाने पाहिलं. "हे कापड खातंय."

तिने दुकानात फोन लावला आणि स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला, म्हणजे आत्यालाही ऐकू यावं.

"बाई, तुमचं यंत्र कापड खातंय."

"काहीतरीच काय!" दुकानवाल्या बाईंचा आवाज खोलीभर पसरला. "मापं नीट घेतली होती का?"

"माझी मापं चुकत नाहीत."

"बरं बरं. माया किती ठेवलीत?"

मोजपट्टी गोंधळली. असला खासगी प्रश्न कुणी फोनवर विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या उत्सुकतेने मान पुढे काढून बसली होती.

"म्हणजे... भरपूर," मोजपट्टी संकोचून म्हणाली. "माझी आत्याच आहे ती."

 बाई म्हणाल्या, "अहो, सेंटिमीटरात सांगा!"

"माया? सेंटिमीटरात?"

"मग काय लिटरमध्ये? माया म्हणजे शिवणीच्या आत जाणारं जादा कापड हो! रेघेच्या बाहेर सोडायचं. सगळ्या बाजूंनी दीड सेंटिमीटर तरी. पुस्तिकेत पहिल्याच प्रकरणात आहे की! तुम्ही... तुम्ही बरोबर रेघेवर कापलंत?" आणि बाईंना इतकं हसू लोटलं, की फोन त्यांच्या हातातून पडल्याचा आवाज आला.

आत्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मग तिचे खांदे हलू लागले, म्हणजे उजवा खांदा हलू लागला. "सगळ्या बाजूंनी दीड सेंटिमीटर!" ती डोळे पुसत म्हणाली. "आणि मी तुला म्हणत होते, मायेने काप! अगं, मलाही वाटलं, ती बाई प्रेमळ आहे!"

भाची हसली नाही. तिने फोन बंद केला. पुस्तिका उघडली, पहिलं प्रकरण काढलं, वाचलं, मिटलं. तिला विज्ञान येत होतं, मिलिमीटर येत होता आणि मराठीही येत होती. तिन्ही मिळून तिने आत्याचा सदरा वाया घालवला होता. तागा संपलेला. रंग बंद झालेला. कार्यक्रम तोंडावर. खर्जकाकांचं ‘दुसरं कुणी बघायचं का’ तिच्या कानात इतकं सावकाश वाजलं, की ते संपेचना.

"मी जरा पाणी पिऊन येते," ती म्हणाली आणि आत गेली. पाणी प्यायली. धुतलेले पेले पुन्हा धुतले. डोळ्यांवर पाणी मारलं.

बाहेर आली तर आत्या आरशासमोर उभी होती. अंगात निळा सदरा.

बाजू उघड्या असल्यामुळे तो सदरा कमी आणि मधोमध भोक पाडलेली चादर जास्त दिसत होता. उजवी बाही हातावर नुसती पांघरलेली. डाव्या बाजूला, काखेपासून कमरेपर्यंत, पुढच्या आणि मागच्या कापडाच्या मधे दोन बोटांएवढी फट, आणि त्या फटीतून खालचा स्वेटर दिसत होता.

"काढ ते, आत्या. बघवत नाही. बाजू मिळतच नाहीत. एवढं अंतर पडलंय."

"पडू दे."

"म्हणजे काय पडू दे? ही शिवण शिवताच येणार नाही!"

"मोजपट्टे," आत्या आरशातूनच म्हणाली, "जरा मोजायचं थांब आणि बघ. हे माझ्या अंगात घातलं कुणी?"

भाचीने पाहिलं. वाकडं कोपर बाहीत अडकलं नव्हतं. अडकणार कुठे? बाही खालून उघडीच होती. हात आत घालायचाच नव्हता, कापड फक्त वरून येऊन त्यावर बसलं होतं. डोकं गळ्यातून, उजवा हात आपला आपण, डावा जिथे आहे तिथेच.

"तू?"

"तू पेले घासत होतीस तेव्हा." आत्याने खाकरून आवाज जागेवर आणला. "एकदा घातला, काढला, पुन्हा घातला. खात्री करायला. तुझ्यासारखं तीनदा करणार होते, तेवढ्यात तू आलीस."

मोजपट्टी खाली बसली. मग उठली. मग आत्याभोवती फिरून आली. ती इतके दिवस बाही किती रुंद हवी याचं गणित मांडत होती. उत्तर रुंदीत नव्हतंच. डावी शिवण शिवायचीच नव्हती.

"पण उघडी कशी ठेवायची?" ती स्वतःशीच बोलू लागली. "फटीत पट्टी घालायला हवी. उजवीकडे पट्टी दोन्हीकडून शिवून टाकायची. डावीकडे एका बाजूने शिवायची, दुसऱ्या बाजूला टिचबटणं. एका हाताने दाबली की बसतील. कमरेपासून काख, काखेतून बाही... पण निळं कापड कुठे आहे?"

आत्याने पिवळ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"छे! त्यावर माझ्या वाकड्या टिपा आहेत."

"म्हणून तर."

"आत्या, ते चौरंगावर सगळ्यांना दिसेल!"

"हात वर झाला तर दिसेल ना? तो वर कुठे होतोय? आणि दिसलं तर दिसू दे. त्या टिपांना ताल मी दिलाय. तुझ्या एकटीच्या आहेत का त्या?"

 दोन्ही बाजूंच्या फटी मोजल्या गेल्या. पडद्याचा सगळ्यांत कमी मळलेला भाग निवडला गेला. टिपा नसलेला भाग मात्र त्यात मिळेना. मोजपट्टीने पिवळ्या कापडावर रेघ आखली आणि खडू हातात धरून विचारलं, "डावीकडे माया किती ठेवू? तिथे कापड कापडावर यायला हवं."

"सढळ ठेव."

तिने दीड सेंटिमीटर मोजलं. त्यात बटणांच्या पट्टीचं मिळवलं. मग खडू अजून जरा बाहेर सरकवला. किती, ते तिने मोजलं नाही.

टिचबटणं हाताने लावायची होती. ज्या बाईला साधं बटण लावता येत नव्हतं, तिने ओळीने ती सगळी लावली. पहिली तीन उलटी लागली, खुंटीसमोर वाटी यायची ती वाटी वाटीसमोर आली, उसवून पुन्हा लावली. "गाठीच आहेत ना नुसत्या?" आत्याने विचारलं.  भाचीच्या तोंडात दोरा होता.

पुढच्या रविवारी सकाळी खर्जकाका आले. आत्याने बोलावलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. बिचारे टोपी हातात धरून बाहेरच्या खोलीत बसले. आत्या आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मोजपट्टी दारासमोर उभी राहिली. रोज या वेळी तिच्या दोन्ही हातांना काम असायचं. आज ते कुठे ठेवावेत हे तिला सुचेना.

आतून कापडाची सळसळ आली. मग काहीच नाही. मग, टिच.

"कसला आवाज?" काकांनी विचारलं.

"शू."

टिच. टिच. मधे थोडं थांबून पुन्हा टिच. भाचीने डोळे मिटले. कमरेपासून वर. बरगड्यांपाशी सोपं आहे, दाबायला आधार मिळतो. आता काख. तिथे अवघड. ती वाट बघू लागली. आवाज आला नाही. आतून आत्याचा एक पुटपुटलेला शब्द आला, जो वृंदात कधीच गायला गेला नसता. काका अर्धवट उठले. "मदत हवी आहे का त्यांना?"

मोजपट्टीने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. स्वतःची पावलं जमिनीला रोवून ठेवली. तिला नेमकं माहीत होतं, तिथली वाटी थोडी तिरकी लागली आहे, अंगठा जरा मागून न्यायला हवा. तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले.

टिच.

आणि मग बाहीवरून एकामागून एक, अगदी लयीत: टिच, टिच, टिच.

दार उघडलं. आत्या उंबऱ्यात उभी होती. बाह्या मनगटाच्या किंचित वर, आत जाड स्वेटर नसल्यामुळे खांदे नीट बसलेले, गडद निळ्या सदऱ्याच्या डाव्या कडेने पिवळी पट्टी आणि तिच्यावर लाल दोऱ्याची एक ओळ, भरकटलेली, मग वळणावर सावरलेली.

खर्जकाका बघतच राहिले. मग नेहमीसारखं सावकाश म्हणाले, "छान दिसतंय. पण ही पिवळी पट्टी काय आहे?"

"माया," आत्या म्हणाली.

काकांना काही कळलं नाही, पण त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. मोजपट्टीची नजर सवयीने काखेजवळच्या त्या तिरक्या बटणाकडे गेली. तिचा हात पुढे होणार, तेवढ्यात आत्याने तो उजव्या हाताने हलकेच बाजूला केला.

"बसलंय ते. मी बसवलंय." तिने दारामागची पिशवी काढली आणि अडकलेल्या कोपरात लटकवली. "चला. तालीम दहाची आहे ना? मोजपट्टे, तूही चल, दालनाच्या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत अशी मला शंका आहे. पट्टी घे बरोबर. आणि काका, परत तो जिना उतरताना गुणगुणू नका. तुमच्या लयीत उतरले तर मी पुन्हा पडेन."